शंकेचं बटण

दिगंबर मेहेंदळे यांनी आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही, आणि ही गोष्ट ते लोकांना आवर्जून सांगत. मागितलं नाही म्हणून सांगत फिरणं हीही एक मागणीच असते, पण हे त्यांना सांगणार कोण? तो अधिकार एकट्या सरोजिनीबाईंना होता. लग्नानंतरची पहिली काही वर्षं त्यांनी तो वापरूनही पाहिला. मग तो नाद सोडला आणि टोमण्यांवर भागवायला सुरुवात केली.

मेहेंदळे हडपसरच्या एका कारखान्यात हिशेबनीस होते. कारखाना बंद पडला तेव्हा बरोबरचे लोक मालकाच्या बंगल्यावर जाऊन, कुठंतरी चिकटवून घ्या म्हणून विनवण्या करत होते. मेहेंदळे गेले नाहीत. "माझं काम त्यांनी पाहिलंय. गरज असेल तर बोलावतील," असं म्हणून ते घरी बसले. मालकानं काही बोलावलं नाही. वेळ जावा म्हणून ते आसपासच्या मुलांना गणित शिकवू लागले. त्याचा बोलबाला झाला आणि एके दिवशी रावसाहेब भोयर नावाचा वर्ध्याकडचा माणूस त्यांच्या सदाशिव पेठेतल्या घराचे तीन जिने चढून वर आला. स्पर्धा परीक्षा देता देता या भोयरांचं वय उलटून गेलं होतं आणि आता नारायण पेठेत, एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर, ते त्याच परीक्षांचा क्लास काढत होते. त्यांना अंकगणिताला माणूस हवा होता. मेहेंदळ्यांच्या मते हा त्यांच्या तत्त्वाचा विजय होता. मधलं वर्ष सरोजिनीबाईंनी कसं काढलं, हा हिशेब त्या तत्त्वात धरलेला नव्हता.

क्लासमध्ये सरांचं नाव झालं ते शिकवण्यामुळे नव्हे. शिकवायचे ते बेताचंच. फळ्याकडे तोंड करून बोलायचे आणि मागच्यांना ऐकू येतंय का हे विचारायचे नाहीत. नाव झालं ते शंकेच्या तासामुळे. शिकवणं संपलं की ते शेवटच्या बाकावर जाऊन बसत आणि ज्याला अडलंय तो त्यांच्यापाशी येई. उत्तर ते कधीही लगेच देत नसत. "आधी तू कुठवर आलास ते दाखव," म्हणत. मुलानं केलेली आकडेमोड वरपासून खालपर्यंत वाचत आणि एकच प्रश्न विचारत. तो प्रश्न नेमका असा असे, की मुलगा स्वतःच कपाळावर हात मारून घेई. यवतमाळ, वाशीम, हिंगोलीकडून आलेली, कॉट बेसिसवर, एका खाटेपुरतं भाडं भरून राहणारी, मेसच्या पातळ आमटीवर दिवस काढणारी ही मुलं. त्यांना कुणीतरी आपलं चुकलेलं इतकं लक्ष देऊन वाचतंय, याचंच अप्रूप असे.

या तासाबद्दल सर स्वतःहून मात्र कुणाला सांगत नसत. फळ्यावर कधी लिहिलं नाही, पहिल्या दिवशी कधी जाहीर केलं नाही. "अडलं की येतात बरोबर," असं त्यांचं म्हणणं. मुलं येतही. ती येत, कारण जुनी मुलं जिन्यात नव्या मुलांना गाठून सांगत, की शेवटच्या बाकावर जा, म्हातारा खवट आहे पण डोक्यातला गुंता सोडवतो. जिन्यातलं हे बोलणं सरांच्या कानावर कधी गेलं नाही. आपण बोलावत नाही म्हणूनच मुलं येतात, अशी त्यांनी समजूत करून घेतली आणि ती जपली.

मग टाळेबंदी आली आणि क्लास मोबाइलवर गेला. कापडदुकानावरचा मजला सुटला तो सुटलाच. ॲप तयार केलं शुभंकरनं. हा सरांचाच विद्यार्थी, पुसदचा. परीक्षेत त्याचं काही जमलं नाही, पण शेवटच्या बाकावर बसून बसून विचार करायला शिकला, कॉम्प्युटरकडे वळला आणि रावसाहेबांकडेच नोकरीला लागला. ॲपमध्ये पडद्याच्या तळाशी त्यानं एक पट्टी ठेवली होती आणि तिच्यावर पाच बटणं. अगदी मधलं बटण शंकेचं, त्याच्यावर वर केलेल्या हाताचं चित्र. "सर, हा तुमचा शेवटचा बाक. पण आता मधोमध आणलाय," तो म्हणाला होता. सर नुसतं "ठीक आहे" म्हणाले, आणि त्या संध्याकाळी ते बटण त्यांनी सरोजिनीबाईंना दाखवलं, समोरच्या बिऱ्हाडाला दाखवलं, पेपरचं बिल घ्यायला आलेल्या माणसालाही दाखवलं.

ती वर्षं सरांची सुखाची गेली. शिकवण्याचे व्हिडिओ दुसरेच लोक करत, सरांकडे फक्त शंका राहिल्या. मुलं गणिताचा फोटो पाठवत, सर उलट प्रश्न लिहून त्याचा फोटो पाठवत. फोन वाजला की हातातला चहा तसाच ठेवून उठत. सरोजिनीबाई म्हणत, "नव्या नवरीचासुद्धा फोन कुणी इतक्या घाईनं घेत नाही." पण त्या खूश होत्या. घरात बसलेला पुरुष कसा असतो, ते त्यांनी एकदा पाहिलं होतं.

एका रविवारी सकाळी शुभंकर घरी आला. बोलताना चुळबुळत होता. सरोजिनीबाईंनी पुढे ठेवलेले पोहे त्यानं नुसतेच चिवडले.

"सर, खालची पट्टी आपण आता कस्टमाइझ करायला देतोय. म्हणजे मुलांनी तिच्यावर बोट दाबून धरलं की बटणं थरथरायला लागतील. मग हवं ते बटण ओढून पट्टीवर आणायचं, नको ते काढून टाकायचं. ज्याची त्याची पट्टी."

"उत्तम. आपलं आपण ठरवू दे की मुलांना."

"हो, पण सर, डिफॉल्टचा प्रश्न आहे. मुलानं काही बदललं नाही तर कुठली पाच बटणं दिसणार? साहेबांना 'चाचणी मालिका' पुढे हवीय. मग एखादं बटण मागे जाणार. 'आणखी' म्हणून तीन ठिपके असतात ना, त्याच्या आत."

"आणि ते एखादं म्हणजे माझं."

"अजून ठरलं नाही, सर, म्हणून तर आलो." शुभंकर पुढे सरकला. "तुम्ही साहेबांना एक फोन करा. शंका पुढे राहू द्या, एवढंच म्हणा. तुमचा शब्द ते खाली पडू देणार नाहीत. मी म्हटलं तर ऐकायचे नाहीत, मी नोकर माणूस."

"पण मुलांना बदलता येणार आहे ना? ज्याला अडेल तो ओढून आणेल पुढे."

"सर, कुणी बदलत नाही हो. नव्या भाडेकरूसारखं असतं ते. आधीच्यानं जिथं खिळा ठोकलाय तिथंच हा कॅलेंडर लावतो. एकदा आत गेलेलं बटण गेलंच समजा."

सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. भीती वाटली की त्यांच्या कपाळाला आठ्याच पडत. "म्हणजे मी रावसाहेबांपुढे जाऊन म्हणायचं, मला पुढे बसवा हो? पहिल्या पंगतीसाठी रुसून बसलेल्या व्याह्यासारखं? शुभंकर, इतकी वर्षं मी शेवटच्या बाकावर बसलो. मला शोधत आलात ना तुम्ही सगळे? का मी हाका मारत होतो?"

शुभंकर पुन्हा पोहे चिवडू लागला. जिन्यातली गोष्ट त्याला माहीत होती. तोही तिथंच गाठला गेला होता आणि पुढे त्यानंही कितीतरी जणांना गाठलं होतं. पण सरांना हे तोंडावर सांगायची त्याची छाती झाली नाही. तेवढा एक धीर त्यानं केला असता तर पुढचं कदाचित टळलं असतं. पण गुरूपुढे खरं बोलायचं नाही, यालाच आपल्याकडे आदर म्हणतात.

"उलट रावसाहेबांना माझ्यातर्फे सांग," सर म्हणाले, "शंका खुशाल मागे टाका. मेहेंदळ्यांची हरकत नाही."

"हल्ली फोन करायला वेगळं बिल येत नाही म्हणे," सरोजिनीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"तुला यातलं कळत नाही."

"नाहीच कळत. मला आपली माणसं घरात बसलेली तेवढी कळतात."

शुभंकर उठला. "आठवडाभर वेळ आहे, सर. विचार करा," एवढं म्हणून गेला.

तो आठवडा सरांनी फोनकडे पाहत काढला. रावसाहेबांचं नाव काढून समोर धरायचे आणि पुन्हा फोन पालथा घालायचे. त्यांना फोन करायचा नव्हता असं नाही. फोन समोरून यावा असं वाटत होतं. रावसाहेबांनी म्हणावं, सर, तुमच्याशिवाय पट्टी कशी पुरी होईल? मग आपण जरा आढेवेढे घ्यावेत आणि बरं म्हणावं. एवढी साधी इच्छा होती. रावसाहेबांचा फोन आला नाही, आणि सरांनी केला नाही.

नवी पट्टी आली. सुरुवातीला जुन्या मुलांच्या शंका येत राहिल्या, त्यांना आत कुठं शोधायचं ते ठाऊक होतं. मग ती मुलं पास झाली, नापास झाली, गावी गेली. नवी आली, पण त्यांच्या शंका आल्या नाहीत. सरांचा फोन गप्प झाला. ते मधूनच समोरच्या बिऱ्हाडातून फोन लावायला सांगून घंटी वाजते का बघत. घंटी खणखणीत वाजे.

"मुलं हुशार झाली असतील," सरोजिनीबाई म्हणाल्या.

"आळशी झालीत. विचारच करत नाहीत, मग अडेल कसं?" सर म्हणाले. चिडून बोलत राहिलं की भीती जरा लांब राहते, म्हणून ते मुलांवर चिडले, मोबाइलवर चिडले आणि मग खालच्या मजल्यावरच्या मुलींवर चिडले.

पहिल्या मजल्यावर कॉट बेसिसवर मुली राहत. त्यांच्या चपला दाराबाहेर जिन्यात पसरलेल्या असत. "चपलांचं दुकान काढायचं असेल तर आधी महापालिकेचा परवाना काढा," असं सरांनी त्यांना एकदा दारात उभं राहून सुनावलं होतं. तेव्हापासून सर जिन्यात दिसले की मुली आत पळत. सरांना तो आपला दरारा वाटे.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी सर भाजी घेऊन येत होते. पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांवर एक मुलगी पुस्तकांचे गठ्ठे बांधत बसली होती. सरांना पाहून ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि पायानंच चपला बाजूला सारू लागली. सरांचं लक्ष चपलांकडे गेलं नाही. गठ्ठ्यात सगळ्यात वर त्यांच्याच क्लासच्या छापील नोट्स होत्या.

"हे कुठं निघालं?"

"रद्दीत, काका. मी गावी चालले, वणीला. संध्याकाळची गाडी आहे."

"आणि परीक्षा?"

"झाली. थोडक्यात गेली." मुलीनं सुतळीची गाठ ओढली. तिचं नाव उत्कर्षा. "घरच्यांनी सांगितलं होतं, हा शेवटचा चान्स. आता लग्नाचं बघून राहिले ते."

"कशात गेली?"

"गणितात. सरासरी, मिश्रण, वेग, ते सगळं सोडूनच देत होते मी. बाकी बरं होतं."

"अडत होतं तर विचारायचं नाही?" सरांचा आवाज चढला.

"कुणाला विचारणार, काका? ॲपवर तर नुसतं बघायचं आणि चाचणी द्यायची. शंका विचारायची सोयच नव्हती ना."

"नव्हती? उघड ते ॲप." सरांनी भाजीची पिशवी पायरीवर ठेवली. उत्कर्षानं घाबरत फोन उघडला. सरांनी स्वतः तीन ठिपके दाबले आणि खाली सरकत गेले. नियम व अटी, भाषा, पासवर्ड बदला, आणि त्या सगळ्याच्या खाली वर केलेला तो हात. त्यांनी तो दाबला. "येथे मेहेंदळे सर आपल्या शंकांचे निरसन करतील," अशी पाटी आली.

उत्कर्षानं ती वाचली, मग सरांकडे पाहिलं.

"मेहेंदळे सर म्हणजे... तुम्हीच का?"

"मीच."

"मी वर्षभर तुमच्याच खाली राहून राहिले होते, सर."

सर पायरीवर बसले आणि म्हणाले, "कुठलं अडायचं ते दाखव."

तिला वाटलं, आता कशाला. पण तिनं नोट्सच्या एका पानाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं: साताऱ्याला जाताना ताशी चाळीस, त्याच रस्त्यानं येताना ताशी साठ, तर सरासरी वेग किती? खाली तिचं उत्तर, पन्नास. "सगळे म्हणतात चूक. सूत्र पाठ केलं, पण गणित जरा फिरवलं की पुन्हा चुकते."

सरांनी ते पाहिलं. मग विचारलं, "तू रस्त्यावर जास्त वेळ केव्हा होतीस? हळू जाताना, की जोरात येताना?"

"हळू जाताना."

"मग सरासरी कुणाकडे झुकेल?"

उत्कर्षा थांबली. तिचे ओठ हलले. "चाळीसकडे," ती म्हणाली. "म्हणजे नुसतं निम्मं नाही करायचं. जे जास्त, ते आपल्याकडे ओढणार." मग तिनं घाईघाईनं पानं उलटली, मिश्रणाचं एक गणित काढलं, नुसतं वाचलं आणि तोंडीच सोडवलं. मग अजून एक. वर्षभर सोडून दिलेली गणितं ती गठ्ठ्यावर वाकून एकामागून एक सोडवत गेली आणि एकाएकी थांबली.

"एवढंच होतं का, सर?"

ती रागावली नव्हती. रागावली असती तर सरांना बरं वाटलं असतं. तिनं अगदी खरं, माहिती म्हणून विचारलं होतं. सरांनी मान हलवली. एवढंच होतं. तिनं डोळे पुसले, पानं नीट लावली आणि गठ्ठा पुन्हा बांधला. निघताना पाया पडली. सरांना आशीर्वाद देता आला नाही. भाजीची पिशवी पायरीवरच विसरून ते वर गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. "कुठं?" सरोजिनीबाईंनी विचारलं. "शब्द टाकायला," सर म्हणाले. सरोजिनीबाईंनी हातातलं काम ठेवलं आणि त्यांच्या शर्टाची कॉलर नीट केली. कितीतरी वर्षांत त्यांनी असं केलं नव्हतं.

क्लासचं ऑफिस आता बाणेरला काचेच्या इमारतीत होतं. शुभंकर धावत पुढे आला, खुर्ची दिली, पाणी आणलं. सर पाणी प्यायले आणि बसमध्ये घोकत आणलेलं वाक्य त्यांनी एका दमात म्हणून टाकलं. "शंकेचं बटण पुढे घ्या. माझी विनंती आहे. मुलांना ते सापडत नाही."

शुभंकरनं मान खाली घातली. "सर, तो आठवडा मी दोन्ही पट्ट्या तयार ठेवल्या होत्या. एक शंकेसकट, एक शंकेशिवाय. शेवटच्या दिवशी ऑफिस बंद होईपर्यंत तुमच्या फोनची वाट बघितली."

"मग आता लाव ती पहिली."

"आता पुढच्या अपडेटला 'आणखी'मधूनही ते जातंय. वापर नाही म्हणून. माझ्या हातात नाही, सर. साहेब आत आहेत, बघा बोलून."

सर आत गेले. या वेळी गेले. रावसाहेबांनी उठून हात जोडले, चहा मागवला, तब्येत विचारली. सरांनी विनंती पुन्हा केली. त्यांचा आवाज इतका लहान झाला होता की रावसाहेबांना पुढे वाकून ऐकावं लागलं. ऐकून ते मनापासून हसले.

"सर, तुम्हीच निरोप पाठवला होता ना, हरकत नाही म्हणून? अहो, मी तुमचं उदाहरण देतो सगळ्यांना. इथं जो तो म्हणतो, माझं बटण पुढे घ्या, माझा फोटो मोठा लावा. एकटे मेहेंदळे सर म्हणाले, मला मागे टाका. तुमच्यासारखा निःस्पृह माणूस मी पाहिला नाही. आता तुम्ही कशाला ही दगदग करता? खूप केलंत. आराम करा."

आपलीच कमाई माणूस कुठल्या तोंडानं परत करणार? सरांनी चहा संपवला, हात जोडले आणि बाहेर पडले. शुभंकर खालपर्यंत सोडायला आला.

घरी पोचले तेव्हा सरोजिनीबाई पोळ्या करत होत्या. त्यांनी वळून पाहिलं. "काय झालं?"

सर हातपाय धुवून पाटावर बसले. "रावसाहेब स्वतःच म्हणाले, बटण पुढे घेतो. फार मागे लागले. मीच नको म्हटलं. म्हटलं, आता पुरे झालं."

तव्यावरची पोळी फुगली होती. सरोजिनीबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. यावर त्यांना बोलण्यासारखं पुष्कळ होतं. सर खाली बघत वाट पाहू लागले. त्यांना टोमणा हवा होता. तिनं नेहमीसारखं टोचून बोलावं, खोटं पकडावं, दोन शब्द जास्तच सुनावावेत, मग आपण चिडावं आणि सगळं पहिल्यासारखं चालू व्हावं.

"बरं केलंत," सरोजिनीबाई हळूच म्हणाल्या, आणि त्यांनी गरम पोळीवर जरा जास्तच तूप घालून ती सरांच्या पानात वाढली.